सोन्याचा फाळ आणि लोखंडाचा नांगर

पुणे शहराच्या इतिहासात दोन नांगर प्रसिद्ध आहेत. सुमारे १६३० साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवून पहार ठोकली, असे बखरी सांगतात. इथे पुन्हा कोणी वसू नये, हा त्याचा अर्थ. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हातून त्याच भुईत सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला, अशी परंपरागत कथा आहे. लोकांच्या मनातली भीती त्या एका तासाने मोडली. पण एवढ्याने पोट भरत नाही. पडलेले रान रोज उठून फोडायचे, तर तिथे सोने काय कामाचे? तिथे टिकाऊ अवजारच हवे.

शेकडो वर्षे हे काम बाभळीच्या लाकडी नांगराने केले. फाळ तेवढा लोखंडी. इसाड मोडले तर सुतार, फाळ बोथटला तर लोहार. दोघेही गावातलेच आणि बलुत्यावर. दोष एकच. हा नांगर माती चिरतो, पण उलटवीत नाही. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली तशीच राहतात.

ही उणीव हेरली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावास सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. पण घेतो कोण? लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा करवीरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. तोफेचा नांगर झाला!

शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. विषाची गोष्ट खोटी. पण तिच्या आड एक खरा प्रश्न दडला होता. ओतीव लोखंड घणाखाली धरले तर तडकते. गावच्या लोहाराचा तिथे इलाज चालत नाही. मग ऐन नांगरटीत फाळ मोडला, तर दुसरा आणायचा कुठून? विलायती नांगराचा फाळ सातासमुद्रापलीकडचा. देशी कारखान्याचा फाळ मात्र रेल्वेने येऊ शकत होता. माझ्या मते लोखंडी नांगराचे खरे बळ इथे आहे. अवजाराचा टिकाऊपणा धातूत असतो तितकाच सुट्या भागांच्या सोयीत असतो.

आज पुण्याच्या आसपास बंगल्याभोवतीची जागा फोडायला लोक पेट्रोलवर चालणारा छोटा टिलर घेतात. फिरत्या पात्यांची ही युक्ती ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ साली काढली. यंत्र छान, पण मुरमाड, दगडगोट्यांच्या नव्या भुईत हलके यंत्र नुसते उड्या मारते. वजनदार बांधणी, मजबूत गिअरपेटी आणि बाजारात सहज मिळणारी पाती, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. घोड्यांची शक्ती नंतर विचारावी. शिवाय हरळीच्या रानात पाती मुळांचे तुकडे करतात, आणि तुकडा तुकडा पुन्हा फुटतो! तिथे आधी खोल नांगरट करावी, वैशाखाच्या उन्हात मुळे वाळू द्यावीत, वेचून काढावीत, टिलर मग.

तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी त्या जुन्या शेतकऱ्याचा प्रश्न विचारा : "मोडले तर पाते कुठे मिळेल, आणि किती दिवसांत?" त्याचे नीट उत्तर मिळाले, तरच पैसे मोजा.