'गद्दुर' : एका शब्दाचा आणि एका पशुरोगाचा इतिहास

आइसलँडमधील मेंढपाळांच्या भाषेत 'गद्दुर' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ अणकुचीदार खिळा किंवा काटा. ज्वालामुखीची राख कुरणांवर पडून गेल्यावर मेंढ्यांच्या काही दाढा ठिसूळ होऊन झिजत आणि त्यांच्या समोरच्या दाढा खिळ्यासारख्या वाढत. जनावरास चारा चावता येईनासा होऊन ते उपासमारीने मरे. या विकृतीस तेथील लोकांनी हेच नाव दिले. हेक्ला ज्वालामुखीच्या १६९३ च्या उद्रेकानंतरच्या नोंदींत तिचे वर्णन आढळते. ज्या फ्ल्युओरीनमुळे ती उद्भवते, ते मूलद्रव्य आँरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगळे केले ते १८८६ मध्ये. म्हणजे कारण हाती लागण्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे रोगाची ओळख पटलेली होती.

या ओळखीची कठोर परीक्षा पाहणारा प्रसंग म्हणजे लाकीचा उद्रेक होय. ८ जून १७८३ रोजी दक्षिण आइसलँडमध्ये भूमी दुभंगली आणि सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या त्या भेगेतून फेब्रुवारी १७८४ पर्यंत लाव्हा व वायू बाहेर पडत राहिले. (आपल्या दख्खनचा काळा पाषाणही भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचाच, परंतु तो काळ मनुष्यपूर्व होता, त्याचा साक्षीदार कोणी नाही.) लाकीस मात्र साक्षीदार लाभला. सीडा परगण्याचा धर्मोपदेशक योन स्टेइनग्रिम्सन याने आपल्या वृत्तांतात जनावरांची अवस्था बारकाईने टिपली आहे. घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडले, सांध्यांवर कठीण गाठी आल्या. मेंढ्यांच्या बरगड्यांवर व पायांच्या हाडांवर उंचवटे वाढून त्या पांगळ्या झाल्या. आज हे वर्णन वाचणारा पशुवैद्य फ्ल्युओरीनच्या विषबाधेचे निदान सहज करील. योनने ते धर्मोपदेशकाच्या भाषेत लिहिले आहे, ईश्वरी कोपाची छाया त्यावर सर्वत्र आहे. तथापि त्यामुळे त्याची नजर मंदावली असे मला दिसत नाही.

देशातील मेंढ्यांपैकी शेकडा ८० च्या आसपास, घोड्यांपैकी शेकडा ७५ आणि गुरांपैकी निम्मी नाहीशी झाली. पशुधनावाचून त्या देशात अन्न नव्हते. पुढील दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला. या काळास आइसलँडचे लोक 'मोदुहार्दिन्दिन', म्हणजे 'धुक्याचे हालाचे दिवस', म्हणतात. हे नाव आगीवरून वा लाव्हावरून पडले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लाव्हा ज्या वस्त्यांवरून गेला त्यांनाच त्याने गिळले. धुके आणि राख साऱ्या देशावर पसरली.

राखेचे विष तिच्या जाडीवर अवलंबून नसते. फ्ल्युओरीन राखेच्या कणांच्या पृष्ठभागास चिकटून येते आणि कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक. हे बारीक कण वाऱ्याने दूर जातात. जाड थराखाली गवत गाडले गेले तर मेंढी ते खाऊच शकत नाही. पण पातळ थर असलेले गवत हिरवे दिसते आणि मेंढी ते मुळाशी तोंड लावून खाते. मोठ्या मात्रेने रक्तातील कॅल्शियम घटून जनावर काही दिवसांत मरते. अल्प मात्रा दीर्घकाळ पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात, आणि ज्यांचे दात अजून घडत असतात त्या कोवळ्या जनावरांस अधिक बाधा होते.

शब्द आणि कारण यांची गाठ पडली ती कोपनहेगनमध्ये. क्रायोलाइट या फ्ल्युओरीनयुक्त खनिजाच्या कारखान्यातील कामगारांची हाडे तपासणारा डॅनिश वैद्य काय रोहोल्म याने १९३४ मध्ये 'गद्दुर' म्हणजे फ्ल्युओरीनचीच विषबाधा असे प्रतिपादन केले आणि शेतकऱ्यांचा तो शब्द आपल्या निबंधाच्या शीर्षकात घेतला.

मे १९७० मध्ये हेक्ला पुन्हा जागा झाला. कुरणांवर केवळ एक मिलिमीटरच्या आसपास राख पडलेल्या भागांतही मेंढ्यांना विषबाधा झाली. सुमारे ७,५०० मेंढ्या मेल्या, त्यांत कोकरांची संख्या अधिक होती. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्लची राख पडू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी जनावरे गोठ्यांत आणून बांधली.