मणिबेलीची डायरी

खानदेश म्हटला की मेहरूणची बोरं, भरताची वांगी, तापीकाठची केळी. नर्मदा सहसा कुणाला आठवत नाही. पण सातपुड्यापलीकडे तेव्हाच्या धुळे जिल्ह्याची हद्द थेट तिच्या पात्राला भिडायची. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात धरली होती. महाराष्ट्रातून पहिला नंबर मणिबेलीचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू कॅमेरा घेऊन या खोऱ्यात हिंडत होते.

पटवर्धन नवखे नव्हते. बिहार आंदोलनावरची त्यांची 'क्रांती की तरंगें' आणीबाणीत लपूनछपून दाखवावी लागली होती. १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये मुंबईचे झोपडीवासी होते, १९९२च्या 'राम के नाम'मध्ये अयोध्या. सरकारी पैसा नाही, दूरदर्शनवर दिसायचं तर कोर्टाची पायरी चढायची, अशी त्यांची रीत.

नर्मदेकाठी घटना भराभर घडत होत्या. जागतिक बँकेने १९८५ साली धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. जून १९९२मध्ये बँकेच्याच मोर्स समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि मार्च १९९३मध्ये उरलेल्या कर्जावर भारत सरकारने पाणी सोडलं. भिंत मात्र चढतच राहिली. 'बुडू, पण हटणार नाही' म्हणणारे आदिवासी पावसाळ्यात वाढत्या पाण्यासमोर ठाण मांडून बसत. १९९५ साली हे सारं 'अ नर्मदा डायरी' या तासाभराच्या माहितीपटात आलं. त्याला फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

'डायरी' हे नाव पटवर्धनांच्या एकूण कामालाच शोभतं, कारण एकदा भेटलेल्या माणसांकडे ते पुन्हा जातात. 'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी १९९७ साली मुंबईच्या रमाबाई नगरात दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारानंतर आत्महत्या केली. तिथून सुरू झालेलं 'जय भीम कॉम्रेड' पुरं व्हायला चौदा वर्षं लागली.

नर्मदेची नोंदवही मात्र मध्येच थांबते. माहितीपट आला त्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बांधकाम सुमारे ८० मीटरवर अडलं होतं. १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला आणि मणिबेलीचा पत्ता बदलला. ऑक्टोबर २०००मध्ये कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने बांधकामाला परवानगी दिली. २०१७ साली लोकार्पण झालं तेव्हा धरणाची उंची होती १३८.६८ मीटर.