नासरेथकरांचा राग

'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपण आंब्यापासून कवीपर्यंत सगळ्यांना लावतो. प्रेषितही तिच्यातून सुटलेले नाहीत. हजरत मुहंमद पैगंबरांना ६२२ साली मक्का सोडावी लागली ती त्यांच्याच कुरैश जमातीच्या छळामुळे, हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर होतं. येशू ख्रिस्तांची, आमच्या हजरत ईसांची, अशीच कथा पुढे मराठी बायबलमध्ये वाचली.

नासरेथ हे गालील प्रांतातलं डोंगरातलं लहानसं गाव. जुन्या करारात त्याचा उल्लेखही नाही. अभ्यासक तिथली वस्ती काहीशे माणसांचीच धरतात. शब्बाथच्या दिवशी येशू तिथल्या सभास्थानात उपदेश करू लागले. मार्क सांगतो की, लोकांना त्यांचा सुताराचा धंदा ठाऊक होता, आई ठाऊक होती, चारही भावांची नावं तोंडपाठ होती. इतकी माहिती असलेल्या माणसाकडून शहाणपण ऐकायचं तरी कसं?

इथवर आपली म्हण पुरते. लूक मात्र वेगळं सांगतो, आणि मला तेच मोलाचं वाटतं. त्याच्या कथेत गावकरी आधी खूश आहेत, कौतुकही करतात. बिनसतं ते पुढे. येशू त्यांना त्यांच्याच धर्मग्रंथातल्या दोन गोष्टींची आठवण देतात. दुष्काळात इस्राएलात विधवा कमी नव्हत्या, पण एलियाला पाठवलं गेलं ते सीदोन प्रांतातल्या सारफथच्या परक्या विधवेकडे. कुष्ठरोगीही पुष्कळ होते. अलीशाच्या हातून बरा झाला तो नामान, शत्रूच्या फौजेचा अरामी सेनापती. एवढं ऐकलं आणि सभा खवळली. त्यांना गावाबाहेर काढून कड्यावरून लोटायला निघाली. सुताराचा मुलगा म्हणून नव्हे बरं का. आपला असून परक्यांचं माप आपल्याइतकंच भरतो म्हणून!

यिर्मयाचंही असंच. तो येशूंच्या सहा शतकं आधीचा. अनाथोथ या त्याच्या गावचेच लोक त्याच्या जिवावर उठले होते. यरुशलेमला वेढा पडला असताना 'बाबेलला शरण जा' म्हणाला, तेव्हा तो फितूर ठरला. त्याला चिखलाच्या हौदात सोडलं. बाहेर काढलं कुणी? राजवाड्यातल्या एबद-मलेख नावाच्या कूशी, म्हणजे आफ्रिकी, चाकरानं. दोर काचू नये म्हणून त्यानं काखेत धरायला जुन्या चिंध्याही खाली सोडल्या.

'आपल्याच लोकांनी नाकारलं' हे वाक्य पुढे फार महागात पडलं. येशू यहुदी, त्यांची आई यहुदी, पहिले शिष्य यहुदी. पण चर्चमध्ये इतरांची बहुसंख्या झाली, आणि घरातला वाद दुसऱ्या समाजावरचा आरोप बनला. येशूंच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांच्या माथी मारून युरोपात शतकानुशतकं त्यांना छळलं, हाकललं, ठार केलं. तो दोष सगळ्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं ते १९६५ साली. उशीर म्हणजे किती उशीर!

आणि घरचे? येशूंना वेड लागलं आहे असं समजून नातलग त्यांना धरून न्यायला आले होते, असं मार्कच सांगतो. पण त्या चार भावांतला याकोब पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख झाला. इ. स. ६२ च्या सुमारास प्रमुख याजकानं त्याला दगडांनी मारवलं. ही नोंद ठेवणारा योसेफस यहुदी इतिहासकार होता. या कृत्यानं शहरातले धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे लोकच चिडले आणि त्यांच्या तक्रारीवरून त्या याजकाला पदावरून जावं लागलं, हेही त्यानंच लिहून ठेवलं आहे.