न फुटणारा बुडबुडा

उर्दू शायरीत पाण्यावरच्या बुडबुड्याला 'हबाब' म्हणतात. आयुष्य किती क्षणभंगुर आहे हे सांगायला शायरांनी तो वारंवार वापरला. मराठीतही बुडबुडा म्हणजे क्षणाचा पाहुणा. दोन्ही भाषा शिकवताना मीही मुलांना हेच सांगत आलो. पण विसाव्या शतकात जर्मनीतल्या नद्यांवर असा फेस आला, की तो विरायलाच तयार नव्हता.

नुसत्या पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतो. साबणाच्या रेणूला मात्र पाण्याकडे ओढ घेणारे डोके आणि पाण्यापासून पळणारी कार्बनची शेपटी असते. बुडबुड्याच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना हे रेणू दाटीने उभे राहतात. डोक्यांवर सारखाच विद्युतभार असल्याने दोन्ही बाजू एकमेकींना दूर लोटतात. पडदा कुठे विरळ झाला, तर शेजारचे रेणू पाणी घेऊन तिकडे धावतात. म्हणून फेस टिकतो. जड पाण्यात मात्र साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन साका बनतो आणि फेस येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलियमपासून बनवलेली धुण्याची पावडर घरोघरी पोहोचली, कारण ती जड पाण्यातही फेसाळत असे. पण तिच्या रेणूची शेपटी सरळ नव्हती, तिला फांद्या होत्या. नदीतले जिवाणू शेपटीच्या टोकापासून दोन-दोन कार्बन कुरतडत जातात. फांदीपाशी ते अडत. रेणू संपेना, म्हणून फेसही संपेना. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नेकर नदीच्या बंधाऱ्यांपाशी फेसाचे ढीग साचले. अमेरिकेत काही ठिकाणी विहिरींचे पाणी नळातून फेसाळत येई.

1961 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला: पावडरीतल्या अशा रसायनांचे किमान 80 टक्के विघटन झालेच पाहिजे. 1964 मध्ये ही अट लागू झाली. अमेरिकी कारखान्यांनी 1965 पर्यंत सरळ शेपटीचा रेणू स्वीकारला. बादलीतला फेस तसाच राहिला, नदीतला ओसरला.

मग दिल्लीत यमुनेवर आजही फेस का दिसतो? सरळ शेपटी कुरतडायलाही जिवाणूंना प्राणवायू आणि वेळ लागतो. सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडले, की दोन्ही कमी पडतात. रसायनशास्त्राने आपल्या वाटचे काम साठ वर्षांपूर्वीच केले. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते मागत राहण्याचे काम आपले.