समन्यायी पाणीवाटप (ऊर्ध्व गोदावरी खोरे)

नदीखोऱ्यातल्या टंचाईची झळ वरच्या-खालच्या सर्वांनी सारखी सोसावी, असे महाराष्ट्राने कायद्याने घालून घेतलेले बंधन. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम १२(६)(ग) नुसार ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत पाण्याची टक्केवारी साधारण समान ठेवायची असते. खरिपात वापरलेले पाणीही त्या हिशेबात धरतात. या कलमाचा कस लागला तो अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात.

पैठणपर्यंतचे गोदावरीचे पाणी आंतरराज्य पाणीतंटा लवादाच्या निवाड्याने महाराष्ट्राच्याच वाट्याला आले, त्यामुळे तंटा परराज्याशी न राहता घरातला झाला. वर नाशिकची गंगापूर, दारणा आणि नगरची भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे; खाली पैठणला ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठ्याचे जायकवाडी. भंडारदरा १९२६ चे. त्याच्या पाटपाण्यावर प्रवरा नदीकाठचा ऊस आणि सहकारी कारखाने पोसले गेले. जायकवाडी आले पाच दशकांनी. ‘हक्काचे पाणी’ हा शब्द वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू तितक्याच ठामपणे वापरतात. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात नगरच्याच शेवगाव-नेवाशाची जमीन बुडाली आहे, ही गोष्ट मात्र या वादात क्वचितच निघते.

वरच्या धरणांतून पाणी कधी व किती सोडायचे हे ठरवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राच्या आधारे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला: ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला.

झळ वाटून घेणे हे कायद्याने कितपत बंधनकारक, असा प्रश्न युरोपीय संघातही उभा राहिला होता. जर्मनीतील वायुवाहिनीवरून पोलंडने उभ्या केलेल्या वादात संघाच्या न्यायालयाने २०२१ मध्ये ऊर्जाविषयक एकजूट हे निव्वळ धोरणवाक्य नसून बंधनकारक तत्त्व असल्याचे ठरवले. पण ते तत्त्व एकमेकांचे हित तोलून पाहायला सांगते, त्यापलीकडे आकडा देत नाही. गोदावरीत टक्केवारीच ठरलेली आहे, म्हणून अंमल सोपा वाटतो आणि भांडण आकड्यावर येते. साठा मोजणारे हे सूत्र त्या पाण्यावर ऊस घेतला की ज्वारी, हे विचारत नाही. ही त्याची मोठी उणीव.

२०२३ मध्ये ३० ऑक्टोबरला सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. अशा वेळी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या पंपांची वीज तोडावी लागते. तरीही कोरडे पात्र पाणी पितेच, आणि सोडलेले व पैठणला पोचलेले यांतली तूट कोणाच्या नावे मांडायची, हा नवा तंटा सुरू होतो.