घरबसल्या ईश्वरशास्त्राची पीएचडी? आधी रिद्धपूर समजून घ्या

अचलपूर-परतवाड्यात राहून पीएचडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न मुक्कामाचा येतो. नोकरी आहे, घर आहे. पुण्याला खोली घेऊन चार वर्षं काढणं सगळ्यांना परवडत नाही. त्यात विषय थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरशास्त्र असेल तर वाटतं, इथे प्रयोगशाळा थोडीच लागते? पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, मग घरबसल्या का नाही? मी विज्ञानाकडून आलेलो, त्यामुळे हजेरीची सवय आहे. पण हजेरी ईश्वरशास्त्रातही लागते. ती कशासाठी, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून बघू.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, तेरावं शतक. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे शिष्य इथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी प्रसंग पाहिले होते त्यांना गाठून विचारलं आणि मिळालेली माहिती नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे केशिराजबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ रचला, आणि महानुभावांच्या ब्रह्मविद्येचा आधार तयार झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर फील्डवर्क गावोगावी झालं, तपासणी गुरूसमोर बसून झाली.

पुढची अडचण आणखी मोठी. लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि ग्रंथ आठवणींवरून पुन्हा जुळवावा लागला, म्हणून पाठभेद झाले. शिवाय पंथाने पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे आणली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आलं, तर वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये. अमेरिकेच्या अॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठावरच संशोधन केलं. त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. शं. गो. तुळपुळे आणि त्यांनी मिळून केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अंतर हजारो मैलांचं असलं तरी चालतं, पण पोथी आणि जाणकार माणूस यांच्याशी बसणं-उठणं सुटत नाही.

मग दूरशिक्षणाची कल्पना आली कुठून? लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये कॉलेजात न शिकलेल्यांनाही परीक्षेला बसू दिलं. ते जमलं, कारण प्रश्नपत्रिका पाठवता येते. संशोधनाचं तसं नाही. आधी कुणी न सोडवलेल्या प्रश्नाची तयार प्रश्नपत्रिका नसते. तुम्ही लावलेला अर्थ कुठे घसरला, हे कुणीतरी ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागतं.

यूजीसीचे २०२२ चे नियम याच फरकावर उभे आहेत. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येत नाही. अर्धवेळ पीएचडी मात्र चालते. हे दोन शब्द एक समजू नका. अर्धवेळवाल्यालाही किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क करावाच लागतो. नोकरी असेल तर कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ, असं लिहून घ्यावं लागतं. मुदत किमान तीन वर्षं.

परदेशी सेमिनरी ‘लो-रेसिडेन्सी’ म्हणजे वर्षातून थोडे दिवस मुक्कामाचे अभ्यासक्रम देतात. तिथे पदवीचं नाव नीट वाचा. डी.मिन. ही धर्मसेवेतल्या लोकांसाठीची व्यावसायिक पदवी आहे, ती पीएचडी नव्हे. पाळकाच्या कामाला ती उपयोगी पडेल. पण डोळा प्राध्यापकाच्या जागेवर असेल तर भारतात ती पदवी चालते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

फी भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. मार्गदर्शक कोण, आणि तो मूळ ग्रंथाची भाषा वाचतो का? वर्षातून किती वेळा समोरासमोर बसणार? मूळ साधनं कुठे आहेत, आणि तिथे मला जाता येईल का? निदान शेवटच्या प्रश्नात आपण वऱ्हाडातले नशीबवान आहोत. महानुभावांवर काम करणाऱ्याला रिद्धपूर जवळ आहे, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही उभं राहतंय. पुण्याच्या खोलीचा हिशेब मांडण्याआधी एकदा तिकडे जाऊन या.