वरच्या सभागृहाचं दार आणि शिरूर-दौंडचा पदवीधर

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते, हे शिरूर-दौंडच्या पोरांना तोंडपाठ आहे. १८१८ च्या त्या लढाईसाठी निघालेली तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती, हेही आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात सदस्य म्हणून जागा घेतली, हे आपल्या भाषणांत क्वचितच येतं. मानवंदनेला गर्दी जमते, सभागृहाच्या इतिहासाला जमत नाही.

तेव्हाचं कौन्सिल म्हणजे आजची विधान परिषद नव्हे. इलाख्याला तेव्हा एकच सभागृह होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये याच कौन्सिलानं मंजूर केला आणि तो ठराव हातात घेऊनच महाडचा सत्याग्रह उभा राहिला. महार वतनाच्या गुलामीविरुद्धचं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये इथंच मांडलं. पुढं ते मागे घ्यावं लागलं, ती हकीकत वेगळ्या लेखाची आहे.

पण बाबासाहेब तिथं पोचले ते सरकारी नेमणुकीनं, मतदानानं नाही. कारण मत मालमत्तेला होतं. जमीन, घर, कर या मापात आपला माणूस बसतच नव्हता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं. आणि १९२९ मध्ये, सायमन कमिशनसाठी नेमलेल्या प्रांतिक समितीत सहकाऱ्यांशी न पटल्यानं स्वतंत्र अहवाल लिहिताना, त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन आणि साक्षर म्हणजे शहाणा, हा समजच त्यांनी तिथं खोडून काढला.

पुढं १९३२ चा पुणे करार झाला. १९३५ च्या कायद्यानं मुंबई प्रांताला दोन सभागृहं दिली. खालच्या सभागृहात १७५ जागा, त्यातल्या १५ आपल्यासाठी राखीव. वरच्या सभागृहात राखीव जागा एकही नाही. तिथं पुन्हा मालमत्तेचाच मताधिकार, आणि तोही आणखी वरच्या पायरीवरचा. मला यातला खरा धागा इथं दिसतो. संविधानानं मालमत्तेची अट काढून टाकली, पण वरच्या सभागृहाची ही घडण पूर्ण मोडली नाही.

कलम ३३२ नं दिलेल्या राखीव जागा विधानसभेपुरत्या आहेत. विधान परिषदेला त्या लागू नाहीत. कलम १७१ प्रमाणे आपल्या परिषदेत ७८ जागा: ३० आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि १२ राज्यपालांनी नेमायच्या. वरिष्ठ सभागृह हा प्रयोग आहे, अशा अर्थाचं बाबासाहेब संविधान सभेत बोलले होते, आणि ते रद्द करण्याची वाट कलम १६९ मध्ये आहे. मग रद्दच करा म्हणावं का? मी तसं म्हणत नाही. १९५२ ला उत्तर मुंबईत लोकसभेला पराभव झाल्यावर बाबासाहेब संसदेत राहिले ते राज्यसभेमुळं. रा. सू. गवई १९६४ पासून तीस वर्षं विधान परिषदेत होते, १९७८ ते १९८२ सभापती होते.

आता शिरूर-दौंडमधून पाहा. पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या २१ जागा, त्यातल्या राखीव दोन: पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. दोन्ही शहरी. ग्रामीण भागात एकही नाही. परिषदेकडं वळावं तर स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात नगरसेवकाला मत आहे, जिल्हा परिषद सदस्याला आहे, पंचायत समितीच्या सभापतीला आहे. ग्रामपंचायतीला नाही. म्हणजे राखीव प्रभागातून निवडून आलेली आपली बाई, अगदी सरपंच झाली तरी, या यादीत नसते. २०२२ मध्ये तर संस्थांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या, आणि पुण्याची ही जागा मतदारच नसल्यानं रिकामी पडली.

शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षकच मतदार. जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या गुरुजींना मत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण आधी, असं बजावून सांगणारे जोतीराव फुले याच पुण्याचे!

राहिला पुणे पदवीधर मतदारसंघ. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे. २०२० ला मतदार होते सुमारे सव्वाचार लाख. पदवीवर मत देणं बाबासाहेबांच्या १९२९ च्या युक्तिवादात बसत नाही, हे मला मान्य आहे. पण तत्त्व पटत नाही म्हणून नाव नोंदवायचं नाही, यात फायदा कुणाचा? ज्यांच्या घरात तिसऱ्या पिढीत पदवी आहे, त्यांचाच. संस्था, बँका, कारखाने चालवणारे आपल्या माणसांचे अर्ज गठ्ठ्यानं भरून घेतात. आपली पदवीधर पोरं रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं पाळी करतात आणि म्हणतात, "माझ्याकडं मतदान कार्ड आहे की."

ते कार्ड इथं चालत नाही. पदवीधरांची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला ती नव्यानं तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. २०२० ला निवडून आलेल्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. अट एवढीच: मतदारसंघात राहणं आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या आधी किमान ३ वर्षं पदवी हातात असणं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते, हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडं नोकरी करत बाहेरून शिकलेले खूप आहेत आणि त्यांना उगाच कमीपणा वाटतो.

अर्ज नमुना १८. सोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, राहण्याचा पुरावा, फोटो. लग्न होऊन आलेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं नाव असतं, तिथं अर्ज अडकतात. नावबदलाचा कागद आधीच जोडा. वस्तीतल्या बुद्धविहारात एका रविवारी बसलं तर वीस-पंचवीस अर्ज सहज भरून होतात.